रॅलीचा रस्ता शाळा-ट्यूशनच्या वाटेवरून न्या

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

मराठवाड्यातल्या कुठल्याही जिल्ह्याच्या ठिकाणी वर्षाला चार-पाच सायकल रॅली आता ठरलेल्याच असतात. ३ जूनचा जागतिक सायकल दिन, स्वातंत्र्यदिन, १७ सप्टेंबरचा मुक्तिसंग्राम दिन, मतदार जागृती, व्यसनमुक्ती. त्यातच केंद्राच्या फिट इंडिया मोहिमेने डिसेंबर २०२४ पासून दर आठवड्याला सायकल चालवण्याचा कार्यक्रम देशभर सुरू केला आहे. माणसे येतात, मुले तर हौसेने येतात. पण सोमवारी सकाळी त्याच मुलांना आई-वडील स्कूटरवर सोडतात आणि सायकल पुन्हा जिन्याखाली जाते.

याचे कारण आम्हाला रॅलीच्या आखणीतच दिसते. क्रीडा संकुलातून निघायचे, वाहतूक अडवलेल्या रुंद रस्त्याने पुतळ्यापर्यंत जायचे, घोषणा द्यायच्या आणि परत यायचे. या रस्त्याने रोज सायकलवर कुणालाच कुठे जायचे नसते. ज्या वाटेने मुलगी ट्यूशनला जाते, कामगार एमआयडीसीत जातो, भाजीवाली लातूरच्या गंजगोलाई बाजारात येते, त्या वाटेवर रॅली कधी फिरकत नाही. मग तिथला खड्डा, तिथली उघडी चेंबरची जाळी आणि तिथला जीवघेणा चौक आयोजकांना दिसणार कसा? आमचे म्हणणे एवढेच आहे की रॅली ही रोजच्या प्रवासाची तालीम असावी. रस्ता रोजचा आणि वेळही रोजची.

लातूरचे उदाहरण घ्या. शहरात मोठे चढ-उतार नाहीत. गंजगोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात आणि तिथून शिवाजी चौक, उद्योग भवन, सिग्नल कॅम्प, औसा रस्ता ही सगळी ठिकाणे सायकलच्या टप्प्यात आहेत. तीन किलोमीटर अंतर ताशी बारा ते पंधरा किलोमीटरच्या निवांत वेगाने बारा ते पंधरा मिनिटांत कापून होते. क्लास सुटल्यावर ट्यूशन एरियात जी कोंडी होते, तीत स्कूटरलाही यापेक्षा कमी वेळ लागत नाही. बाहेरगावाहून शिकायला आलेली हजारो मुले खोली, मेस आणि क्लास या त्रिकोणात फिरतात. सायकलीसाठी याहून चांगले शहर आखूनही मिळणार नाही. तरीही अकरावी-बारावीची मुले मोठ्या संख्येने गिअरलेस स्कूटरवर दिसतात आणि त्यातल्या बहुतेकांचे वय लायसन्सचे नसते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याचे कलम १९९अ काय सांगते, हे पालकांनी एकदा वाचावे. अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला किंवा गाडीमालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलाला वयाची २५ वर्षे होईपर्यंत लायसन्स मिळत नाही. दुसरीकडे २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकल आणि तिच्या सुट्या भागांवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आहे.

आता कार्यक्रम कसा घ्यावा ते सांगतो. पहिली गोष्ट म्हणजे तो लहान आणि वारंवार असावा. वर्षातून एकदा हजार सायकली जमवण्यापेक्षा दर पंधरा दिवसांनी शंभर बऱ्या. कोलंबियाच्या बोगोटा शहरात १९७४ पासून रविवारी सकाळी सात ते दुपारी दोनपर्यंत ठरलेले रस्ते मोटारींना बंद ठेवतात. आज ते रस्ते शंभर किलोमीटरच्या पुढे गेले आहेत. तिथे उद्घाटन नसते आणि पाहुण्यांची वाट पाहणे नसते. लोकांना वेळ आणि रस्ता पाठ झालेला असतो, म्हणून ते येतात. आपल्याकडे साडेसहाची वेळ देऊन झेंडा आठला दाखवतात. मे महिन्यात लातूरला पावणेसहाच्या सुमारास सूर्य उगवतो आणि आठनंतरचे ऊन लहान मुलांना सोसत नाही. पाहुणे उशिरा आले तर त्यांनी शेवटच्या थांब्यावर भेटावे. सायकली वेळेवर निघाल्याच पाहिजेत.

रस्ता आठ किलोमीटरच्या आत ठेवावा. बाराच्या वेगाने चाळीस मिनिटे आणि मध्ये एक थांबा, म्हणजे तासाभरात सगळे घरी पोचतात. आयोजकांपैकी दोघांनी तो रस्ता आदल्या आठवड्यात त्याच वारी, त्याच वेळी, स्वतः सायकलवर जाऊन पाहावा. मोटारसायकलवर बसून केलेल्या पाहणीत जाळ्या आणि कडा दिसत नाहीत. उजवीकडची वळणे जितकी कमी तितके बरे, कारण उजवे वळण म्हणजे समोरून येणारी वाहतूक कापणे. वाऱ्याचाही विचार करावा. जून ते ऑगस्ट इथे पश्चिमेचा वारा जोराचा असतो. त्या महिन्यांत पश्चिमेला बार्शी रस्त्याकडे जायचे असेल तर जाताना वाऱ्याच्या तोंडावर जावे आणि येताना वारा पाठीशी घ्यावा. उलटे केले तर नवखी माणसे जाताना भराभर जातात आणि परतताना निम्म्या वाटेवर पायी चालताना दिसतात. ऊसतोडीच्या हंगामात डबल ट्रॉलीचे ट्रॅक्टर ज्या रस्त्याने कारखान्याकडे जातात, तो रस्ता पहाटे टाळावा. ट्रॉलीला मागे दिवा नसतो, रिफ्लेक्टर असला तरी चिखलाने झाकलेला असतो, आणि बाहेर आलेला ऊस अंधारात थेट तोंडावर येतो.

शंभर जणांचा एकच घोळका करू नये. पंचवीस-पंचवीसच्या चार तुकड्या कराव्यात. दोन-दोनच्या रांगेत पंचवीस सायकलींना साधारण पन्नास मीटर रस्ता लागतो. दोन तुकड्यांत तेवढेच अंतर मोकळे ठेवले की मागच्या गाडीला टप्प्याटप्प्याने पुढे जाता येते आणि हॉर्नचा कलकलाट होत नाही. प्रत्येक तुकडीला एक पुढचा, एक मागचा आणि बाजूने फिरणारे दोघे लागतात. पुढच्याचे काम वेग आवरायचे. त्याला मागे टाकून कुणी जायचे नाही. मागच्याच्या मागे कुणी राहायचे नाही. लहान मुले तुकडीच्या मधोमध, कडेला नाहीत. वाहतूक शाखेला पत्र आठ दिवस आधी द्यावे आणि त्यात चौकांची नावे व वेळा लिहाव्यात. नुसते 'सहकार्य मिळावे' असे लिहिले की नेमके कोणत्या चौकात माणूस लागणार आहे हे पोलिसांना कळत नाही. १०८ आणि ११२ हे क्रमांक बाजूने फिरणाऱ्यांच्या फोनमध्ये असावेत.

अपघात होतात ते बहुतेक तीन-चार कारणांनीच. मागच्याचे पुढचे चाक पुढच्या सायकलीच्या मागच्या चाकाला बाजूने घासते आणि पडतो तो मागचा. म्हणून चाकावर चाक येऊ द्यायचे नाही, निदान एका सायकलीचे अंतर ठेवायचे. वाळू-खडीवर फक्त पुढचा ब्रेक दाबला की सायकल खालून निघून जाते, तेव्हा दोन्ही ब्रेक हळूहळू दाबायचे. ओढणी किंवा साडीचा पदर चेनमध्ये किंवा आऱ्यांत अडकतो. लेडीज सायकलीला चेनकव्हर आणि मागच्या चाकावर जाळी असते ती याचसाठी, तरी ओढणी कमरेला बांधलेलीच बरी. आणि चौथे म्हणजे पुढे चालणारा डीजेचा टेम्पो. त्याच्या आवाजात 'खड्डा', 'गाडी', 'थांबा' या हाका ऐकू येत नाहीत आणि मागची मुले तासभर त्याचा धूर ओढतात. तो टेम्पो नकोच.

पाण्याचा हिशेब सोपा आहे. तासाला माणशी अर्धा लिटर, एप्रिल-मेमध्ये पाऊण लिटर. शंभर जणांना वीस लिटरचे तीन जार, उन्हाळ्यात चार. प्रत्येकाने आपली बाटली आणावी. पाऊचने रस्ताभर कचरा होतो. चक्कर आलेल्याला देण्यासाठी एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून ठेवावे. चमचा चहाचा. मीठ अंदाजाने टाकू नये, जास्त झाले तर अपाय होतो.

आता खर्चाकडे. टी-शर्ट दीडशे रुपयांना धरला तरी तीनशे जणांचे ४५,००० रुपये होतात. तेवढ्या पैशात दाब दाखवणारे चार मोठे पंप, पान्यांचे दोन संच आणि वर्षभराचे पॅच-सोल्युशन येऊन वर सायकल स्टँडला पैसे उरतात. टी-शर्टऐवजी प्रत्येक कार्यक्रमाला दुरुस्तीचे टेबल लावावे, असा आमचा आग्रह आहे. एका सायकलीची हवा, ब्रेक आणि चेन तपासायला तीन मिनिटे लागतात. म्हणजे एका माणसाच्या तासाला वीस सायकली होतात आणि शंभर सायकलींना पाच माणसे तासभर लागतात. हे सकाळी जमत नाही, म्हणून आदल्या संध्याकाळी ठेवावे. टेबलावर ८ पासून १९ पर्यंतचे पाने, ४, ५ आणि ६ मिलिमीटरच्या अॅलन की, टायर काढायच्या पट्ट्या, काचकागद, पाण्याची पाटी, ब्रेकच्या दहा तारा, दहा जोड ब्रेक रबर, २६ आणि २८ इंची ट्यूब पाच-पाच, थोड्या ७०० मापाच्या, आणि चेनचे तेल. शहरात जे सायकल मिस्त्री उरले आहेत, त्यांना सन्मानाने बोलवावे आणि त्या संध्याकाळचा रोज द्यावा. त्यांच्याकडून फुकट काम करून घेऊन सायकल संस्कृती वाढत नाही.

माणसे सायकल सोडतात ती बहुतांशी पंक्चरमुळे, म्हणून त्याबद्दल सविस्तर लिहितो. मराठवाड्यात पंक्चर खिळ्याने कमी आणि काट्याने जास्त होते. वेड्या बाभळीच्या फांद्या कुंपणासाठी तोडून नेतात तेव्हा त्या रस्त्यावर सांडतात, आणि पावसाळ्यानंतर कडेला सराट्याचा वेल वाळून पसरतो. सराट्याचा काटा कसाही पडला तरी त्याचे एक टोक वर राहते. म्हणून सप्टेंबर ते डिसेंबर डांबराची कड सोडून मातीत उतरू नये. काटा टायरमध्ये मोडतो आणि त्याचे टोक आतल्या बाजूने जेमतेम एक मिलिमीटर बाहेर राहते. डोळ्याला ते दिसत नाही. पंक्चर काढले, ट्यूब घातली, हवा भरली, आणि शंभर पावलांवर सायकल पुन्हा बसली, असे झाले की लोक मिस्त्रीला दोष देतात. दोष त्या टोकाचा असतो. ते शोधायला टायरच्या आतून बोट फिरवू नका, बोटात जाईल. कापसाचा बोळा किंवा जुन्या बनियनचा तुकडा सगळीकडून फिरवा. जिथे धागा अडकेल तिथे काटा. तो बाहेरून चिमट्याने ओढा, नाही निघाला तर आतून बाहेर ढकला.

ट्यूब पाण्यात धरून भोक सापडले की जागा पूर्ण कोरडी करून काचकागदाने पॅचपेक्षा थोड्या मोठ्या भागात घासायची, रबराची चकाकी जाईपर्यंत. सोल्युशनचा पातळ थर लावायचा आणि पाच मिनिटे हात लावायचा नाही. बोटाला ओले लागेनासे झाले की मगच पॅच दाबायचा. घाईत ओल्या सोल्युशनवर पॅच बसवला तर तो तेव्हा चिकटतो आणि दुपारच्या उन्हात सुटतो. उन्हात उभ्या केलेल्या सायकलीचे पंक्चर 'आपोआप' होते असे जे म्हणतात, त्यातली बरीच प्रकरणे अशा सुटलेल्या पॅचची असतात.

दुसरे म्हणजे व्हॉल्व्ह ट्यूब. साध्या काळ्या सायकलीच्या व्हॉल्व्हवर रबराची छोटी नळी असते. उन्हाने ती कडक होऊन चिरते आणि रात्रभरात हवा जाते. लोक पंक्चर समजून ट्यूब बाहेर काढतात आणि भोक सापडत नाही. आधी व्हॉल्व्हच्या तोंडावर पाण्याचा थेंब ठेवा. बुडबुडा आला तर दोन-चार रुपयांची नळी बदलली की काम झाले. उन्हाळ्याच्या तोंडावर ती न विचारता बदलून टाकावी.

हवेचा आकडा टायरच्या कडेला छापलेला असतो. २६ इंची जाड टायरला साधारण ४० ते ५० पीएसआय (हवेच्या दाबाचे माप) पुरते, ७०० बाय ३५ ला ६० ते ७०. कमी हवेवर खड्ड्यात गेल्यावर ट्यूब रिंग आणि टायरच्या मध्ये चिमटते आणि तिला शेजारी-शेजारी दोन चिरा पडतात. दोन समांतर चिरा दिसल्या की काटा शोधत बसू नये, हवा कमी होती असे समजावे. पेट्रोल पंपावरच्या मोटारीच्या हवेने सायकल भरू नये. सायकलीच्या ट्यूबला हवा फार कमी लागते, दोन सेकंदांत ती फुटते.

सीटबद्दलही चार शब्द. गावात निम्म्याहून जास्त सायकलींची सीट खाली असते, पाय जमिनीवर टेकावेत म्हणून. मग गुडघे दुखतात आणि सायकल 'झेपत नाही' असे ठरते. सीटवर बसून टाच खालच्या पायडलवर ठेवावी. पाय सरळ झाला पाहिजे. चालवताना पायाचा पुढचा भाग पायडलवर येतो, तेव्हा गुडघा आपोआप थोडा वाकलेला राहतो. सीटच्या दांड्यावर जी मर्यादेची रेघ असते, ती मात्र बाहेर दिसता कामा नये. आपल्या धुळीत चेनला जाड काळे ऑइल पाजू नये. त्याला धूळ चिकटून काचकागदासारखा लेप तयार होतो आणि चेन व फ्रीव्हील दोन्ही झिजतात. आतल्या बाजूने कडी-कडीवर एक थेंब टाकावा, दहा चकरा फिरवाव्यात आणि वरचे तेल कापडाने पुसून टाकावे. काळ्या मातीच्या चिखलातून आल्यावर मडगार्डमध्ये बसलेला गोळा ओला असतानाच काढावा. वाळला की तो टायर घासतो आणि चाक अडते.

महापालिका आणि नगरपालिकांनी करायच्या गोष्टी मोठ्या खर्चाच्या नाहीत. वेगळा सायकल ट्रॅक ही मागणी आम्ही पहिल्या दिवशी करत नाही. पुण्यात ट्रॅक बांधले, पण ते सलग नव्हते. चौकात संपणारा ट्रॅक सायकलवाल्याला ऐन धोक्याच्या जागी सोडून देतो. आधी चेंबरच्या जाळ्या बघाव्यात. जाळीच्या पट्ट्या रस्त्याच्या दिशेने असतील तर सायकलीचे चाक दोन पट्ट्यांमध्ये उतरते आणि माणूस हँडलवरून पुढे पडतो. जाळी काटकोनात फिरवून बसवावी, नाही फिरली तर वरून दर पंधरा सेंटीमीटरवर आडवी पट्टी वेल्ड करावी. दुसरे गतिरोधक. रस्त्यांची मानके ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या आयआरसी ९९ मध्ये गोलाकार गतिरोधकाचे माप ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटीमीटर उंच असे दिले आहे. त्यावरून सायकल सहज जाते. आपल्या गल्ल्यांत हातभर रुंदीचे आणि वीतभर उंचीचे उंचवटे आहेत. दप्तर आणि डबा घेऊन निघालेल्या मुलीला तिथे जवळजवळ थांबावे लागते, आणि ती कडेच्या फटीतून निघायला जाते तेव्हा त्याच फटीत मागून मोटारसायकल घुसते. म्हणून कडेला फट सोडणे हा उपाय नाही, माप बरोबर करणे हाच आहे.

तिसरे साइडपट्ट्या. सिमेंट रस्ता झाला की त्याची कड बाजूच्या मातीपेक्षा दहा-पंधरा सेंटीमीटर उंच राहते. मागून ट्रकने हॉर्न दिला की सायकलवाला खाली उतरतो आणि पुन्हा वर चढताना चाक कडेला घासून आपटतो. चढायचेच असेल तर कडेला तिरके जाऊ नये, थांबून सायकल उचलून ठेवावी. पण खरे काम ठेकेदाराचे आहे. साइडपट्टी मुरमाने रस्त्याच्या पातळीपर्यंत भरून दाबल्याशिवाय रस्त्याचे अंतिम बिल निघू नये. औशाहून चाकूरकडे जाणाऱ्या रत्नागिरी-नागपूर महामार्गालगतच्या गावांतली मुले सर्व्हिस रोडने शाळेत जातात. तिथे रोज संध्याकाळी उलट दिशेने गाड्या येतात, त्याकडेही कुणी बघावे.

स्टँडचा प्रश्न वेगळाच आहे. शाळा-कॉलेजात पुढचे चाक अडकवायचे लोखंडी खाचे असतात. कुणी धक्का दिला की सगळे वजन चाकावर येते आणि रिंगला आउट येतो, म्हणजे ती वाकडी होते. त्यापेक्षा दोन इंची पाइपचे उलट्या 'यू' आकाराचे स्टँड बसवावेत. उंची पाऊण मीटर, लांबीही तेवढीच, दोन स्टँडमध्ये एक मीटर. एकाला दोन्ही बाजूंनी दोन सायकली टेकतात. एका मोटारीच्या जागेत दहा सायकली मावतात. साखळी-कुलूप मागचे चाक आणि फ्रेम दोन्हीतून घेऊन स्टँडला लावले तर चोरी पुष्कळ कमी होते. आणि वर सावली हवी, पत्र्याची नाही तर निंबाची.

लातूरसाठी एक सूचना. दरवर्षी शिक्षण संपवून गावी जाणारी मुले सायकली भंगारात देतात आणि जूनमध्ये नवी मुले नव्या घेतात. कॉलेजांनी जूनच्या दुसऱ्या आठवड्यात जुन्या सायकलींचा एक दिवसाचा बाजार भरवावा. घेणाऱ्याने चाक फिरवून ब्रेकच्या रबराशी अंतर सारखे राहते का ते बघावे. कमी-जास्त होत असेल तर आउट आहे, तो निघतो. क्रँक म्हणजे पायडलचा दांडा धरून आडवा हलवावा, खेळ असेल तर आतले छर्रे आणि कोन गेलेत. पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढे-मागे ढकलावी, हँडलखाली कटकट लागली तर पुढचे चाक धरणाऱ्या चिमट्याच्या वाट्या सैल आहेत. हे सगळे दुरुस्त होते. फ्रेमला जोडावर तडा असेल तर मात्र ती घेऊ नये. फ्रेमचा नंबर बहुधा क्रँकच्या खाली कोरलेला असतो. त्याचा आणि विकणाऱ्याच्या पावतीचा फोटो ठेवावा.

ग्रामीण भागात राज्य शासनाच्या मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली मिळतात. योजना चांगली आहे, शाळा टिकवणारी आहे. उणीव दुरुस्तीची आहे. गावात मिस्त्री नसला की पहिल्या मोठ्या पंक्चरला सायकल ओसरीत लागते आणि मुलगी पुन्हा टमटमच्या भरवशावर राहते. प्रत्येक शाळेत एक पंप, टायरच्या पट्ट्या, काचकागद, पन्नास पॅच आणि १५ व १७ चे पाने असलेला डबा ठेवावा. कार्यानुभवाच्या तासाला प्रत्येक वर्गातल्या चार मुलींना पंक्चर काढायला शिकवावे. दोन तासिकांत हात बसतो.

याच मुलींची सायकल दिंडी करता येते. गावाच्या टोकापासून शाळेपर्यंत ठरलेले थांबे, प्रत्येक थांब्याची ठरलेली मिनिटे, पुढे एक मोठे माणूस, मागे एक, आणि सहा मुलांमागे आणखी एक. वेग ताशी दहाच्या वर नाही. सुरुवातीला आठवड्यातून दोनच दिवस, पण ते दोन दिवस पाऊस सोडून चुकवायचे नाहीत. एकट्या मुलीला पाठवायला घाबरणारे पालक बारा जणींत पाठवतात.

ज्या बायकांना लहानपणी सायकल शिकायला मिळाली नाही, त्यांच्यासाठी रॅलीच्या आधीचे चार रविवार शाळेच्या मैदानावर ठेवावेत. मागून सीट धरून पळत शिकवू नये, त्याने तोल शिकणाऱ्याला येत नाही. सीट खाली करून दोन्ही पायडल काढून टाकावेत आणि पायांनी जमिनीला रेटत जरा उताराने जायला सांगावे. पाय उचलून दहा मीटर जाता आले की पायडल परत लावावेत. डाव्या पायडलचा आटा उलटा असतो, हे न कळल्याने तो अनेकदा खराब होतो. पाना वरच्या बाजूला धरून मागच्या चाकाकडे फिरवला की दोन्हीकडचा पायडल सुटतो. बहुतेकींना पाऊण तासाची तीन-चार सत्रे पुरतात.

आपल्या दैनिकाकडे एक विनंती. रॅलीचे फोटो आपण छापताच. त्यासोबत शनिवारच्या अंकात पुढच्या फेरीचा रस्ता, निघायची वेळ आणि दुरुस्तीचे टेबल कुठे आहे हे तीन ओळींत द्यावे. आणि महिन्यातून एकदा, दुसऱ्या सोमवारी सकाळी साडेदहा वाजता, शहरातल्या चार ठरलेल्या कॉलेजांच्या स्टँडवर किती सायकली उभ्या होत्या तो आकडा छापावा. मोजणीला आम्ही माणसे देऊ. जून महिन्यापासून सुरू केले तर १७ सप्टेंबरच्या रॅलीपूर्वी चार महिन्यांचे आकडे हाताशी असतील, आणि त्या दिवशीचा रस्ता कोणत्या कॉलेजावरून न्यायचा ते त्यावरून ठरवता येईल.

आपले,
लातूर शहरातील काही नियमित सायकलस्वार व सायकल मिस्त्री